उत्तरेची खाडी आणि बाबांचं मराठी

फोन आला तेव्हा मी होडीतून धक्क्यावर उतरत होते. हातात जाड मोजे होते, ते काढेपर्यंत फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. जयपूरच्या विद्याधर नगरातल्या आमच्या शेजारच्या काकू होत्या. "बेटा, पापाजी बाथरूम में गिर गए. बोल नहीं रहे हैं," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

मी उभी होते ते बेट नॉर्वेच्याही पुष्कळ उत्तरेला आहे. ऑगस्ट होता, सूर्य मावळतच नव्हता, आणि त्या सकाळी आम्ही एक मोठं काम उरकून आलो होतो. तिथे डोंगरांच्या मधून समुद्र चिंचोळा होऊन आत शिरतो आणि त्या खाडीच्या टोकाला हिमनदी येऊन पाण्यात तुटते. तिच्या समोरच्या खोल पाण्यात आम्ही यंत्रांची एक माळ सोडली होती. तळाला जड नांगर, वर तरंगणारे नारिंगी गोळे, आणि मधल्या दोरीला ठरावीक अंतरावर बांधलेली उपकरणं. पाणी किती गरम, किती खारट, कुठून कुठे वाहतंय, हे ती वर्षभर नोंदवत राहणार होती. माणूस तिथे हिवाळ्यात पोचू शकत नाही. म्हणून माळ सोडायची आणि पुढच्या उन्हाळ्यात जाऊन वर काढायची. आमच्या गटात पाच-सहा देशांची माणसं होती. माळेची जबाबदारी माझ्याकडे होती. कोणतं उपकरण किती खोलीवर, दोरी कुठली, कुलूप कुठलं, सगळं मी ठरवलेलं.

गटाची प्रमुख साठीची नॉर्वेजियन बाई. मी तिला नावानंच हाक मारायचे, तिकडे तशीच रीत. मी काही बोलायच्या आतच तिनं माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "सामान भर. विमानाचं मी बघते."

विमानं बदलत जयपूरला पोचले तेव्हा विमानतळाच्या दाराबाहेर दमट उकाडा अंगावर आला. अंगात अजून लोकरीचा स्वेटर होता. तसाच काढून बॅगेत कोंबला आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

बाबा डोळे उघडे ठेवून पडले होते. उजवा हात निपचित. नर्स मला म्हणाली, "इनको कुछ समझ नहीं आ रहा. हम पूछते हैं तो देखते रहते हैं." मी त्यांच्या कानाशी वाकले. "बाबा, मी आले."

त्यांनी मान वळवली. ओठ बराच वेळ हलले. मग म्हणाले, "केव्हा?"

नर्सनं माझ्याकडे चमकून पाहिलं. पुढचे काही दिवस डॉक्टर वेगवेगळ्या तऱ्हेनं तपासत राहिले आणि शेवटी त्यांनी मला समजावून सांगितलं. मेंदूतल्या गुठळीनं बाबांची बोलण्याची ताकद गेली होती, पण सगळी नाही. लहानपणी शिकलेली भाषा थोडी शिल्लक होती. नंतर शिकलेल्या भाषा पुसल्यासारख्या झाल्या होत्या. असं कधीकधी होतं, ते म्हणाले. परत येतील का, सांगता येत नाही.

बाबांचं हिंदी गेलं, हे मला किती तरी दिवस खरं वाटेना. विमा कंपनीत त्यांची बदली सांगलीहून जयपूरला झाली तेव्हा मी चौथीत होते. आई शेवटपर्यंत 'माझं हिंदी म्हणजे भाजीबाजारापुरतं' असं म्हणायची. बाबांचं मात्र असं की चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, जवाहिऱ्यांच्या गाद्यांवर मांडी घालून बसावं, त्यांच्याच लहेजात थट्टा करावी, आणि पॉलिसीवर सही घेऊन उठावं. निवृत्तीनंतरही ते सांगलीला गेले नाहीत. "तिकडे आता मला कोण ओळखतंय?" म्हणायचे. आई गेल्यावरही इथेच राहिले. या शहरातलं त्यांचं सगळं जगणं हिंदीत होतं. आणि आता त्या घरात, त्या गल्लीत, त्यांना बोलता येईल असं एकच माणूस होतं.

मी राहिले. प्रमुखाला कळवलं, सध्या परत येणं जमणार नाही. "हवा तेवढा वेळ घे," ती म्हणाली. "माळ कुठे जात नाही."

बाबांना उठवायला-बसवायला एक भैया ठेवले. सीकरकडचे, माझ्याच वयाचे, शांत माणूस. त्यांनी पाणी, दुखतंय, बास, झोपायचंय असे थोडे शब्द शिकून घेतले. बाबा 'बास' म्हणाले की ते लगेच चमचा खाली ठेवत. पण काम भागणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बाबांचे जुने स्नेही भेटायला येत, मोठ्या आवाजात हिंदीत बोलत, बाबा हसून मान हलवत, आणि ते गेले की डोळे मिटून पडत. हळूहळू येणारे कमी झाले.

माझंही फारसं निराळं नव्हतं. दिवसभर मी लॅपटॉपवर गटाचं काम करायचे. जुन्या वर्षांच्या नोंदी तपासायच्या, आलेख काढायचे. आर्क्टिकचा तो नकाशा माझ्या पडद्यावर असायचा. त्याचा जवळजवळ अर्धा किनारा रशियाचा. पूर्वी तिकडच्या एका संशोधकाकडून आम्हाला नोंदी यायच्या, तो नववर्षाला त्याच्या कुत्र्याचा फोटो पाठवायचा. युद्ध सुरू झाल्यावर संस्थांनी संस्थांशी बोलणं थांबवलं आणि नकाशाची ती बाजू कोरी राहिली. मी रोज त्या कोऱ्या बाजूकडे बघायचे. त्या संशोधकानं काही चूक केली नव्हती, आम्हीही नाही.

गणपतीत महाराष्ट्र मंडळात गेले. बँकेतले, विम्यातले, नव्यानं आलेले आयटीतले, खूप माणसं होती. मी उत्तर ध्रुवाकडे काम करते हे कुणीतरी सांगितलं आणि लोक जमले. "पांढरं अस्वल दिसलं का हो?" "तिकडे शाकाहारी मिळतं?" मी उत्तरं दिली, सगळे प्रेमळच होते. पण अस्वलाच्या पुढे कुणी काही विचारलं नाही, आणि मलाही पुढचं कसं सांगावं ते कळेना. मोदकाचा डबा घेऊन मी ई-रिक्षानं घरी आले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी काम करत असताना बाबांनी डाव्या हातानं पडद्याकडे बोट दाखवलं. "काय?"

मी सांगायला सुरुवात केली आणि अडकले. या कामातलं मला सगळं इंग्रजीत येत होतं. मराठीत मी त्यावर कधी एक वाक्य बोलले नव्हते. घरी फोन करायचे तेव्हा 'थंडी आहे, जेवले, काम चाललंय' एवढ्यावर भागायचं. "बाबा, तिथे ना, समुद्रात आम्ही एक, मतलब..."

"म्हणजे," बाबा म्हणाले.

"काय?"

"मतलब नाही. म्हणजे." तेवढं बोलून त्यांना दम लागला, पण चेहऱ्यावर जुनी मिश्कील रेघ उमटली.

मग मी म्हणजे म्हणत सांगितलं. खाडी, हिमनदी, माळ. दक्षिणेकडून येणारं अटलांटिकचं गरम पाणी खालून आत शिरतं आणि हिमनदीला पायाशी कुरतडतं. पूर्वी हिवाळ्यात खाडी गोठायची, आता कित्येक हिवाळे नीट गोठत नाही. हे का, कधी, किती, ते आम्हाला मोजायचंय. बाबा ऐकत होते. बराच वेळ शब्द शोधून त्यांनी विचारलं, "विमा?"

"माळेचा? नाही बाबा. तिथे बुडालं तर बुडालं."

त्यांनी नापसंतीनं मान हलवली. काकूंचा फोन आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

पुढे तो आमचा रोजचा परिपाठ झाला. चहा झाला की बाबा पडद्याकडे बोट दाखवायचे. हिवाळा आला, जयपूरवर धुकं उतरलं, मकरसंक्रांतीला आभाळभर पतंग झाले, गच्च्यांवर गाणी लागली. आम्ही दोघं बाल्कनीत रजई घेऊन बसलो होतो. बाबांनी विचारलं, "तिकडे?"

"तिकडे आता अंधार, बाबा. सूर्य उगवतच नाही. माळ अंधारात मोजत बसलीय."

"एकटी," बाबा म्हणाले.

शेजारच्या गच्चीवर कुणाचा तरी पतंग कटला आणि आरडाओरडा झाला.

उन्हाळा जवळ आला तशी माझ्या मनात घालमेल सुरू झाली. माळ वर काढायला मी जाईन, अशी गटात सगळ्यांचीच समजूत होती. थोड्या आठवड्यांचा प्रश्न. भैया होते, काकू होत्या, बाबांची प्रकृती स्थिर होती. मी व्हिसासाठी दिल्लीला एका दिवसात जाऊन यायचं ठरवलं. बाबांना आदल्या दिवशी सगळं समजावलं. ते "जा" म्हणाले.

सकाळच्या गाडीनं गेले, काम झालं, दिवेलागणीला परत आले. भैयांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा उतरलेला. "दीदी, बाबूजी ने कुछ खाया नहीं. मैंने बहुत कोशिश की. दिन भर पास ही बैठा रहा."

बाबा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. मी समोर जाऊन बसले. "बाबा, जेवला का नाहीत?"

"कोणीच नव्हतं," ते म्हणाले.

भैया दारात उभे होते. त्यांना मराठीतलं एवढं कळत होतं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. भाकरी कुस्करून दुधात घातली आणि बाबांना भरवली. ते मुकाट्यानं जेवले. दुसऱ्या दिवशी मी प्रमुखाला कळवलं की मी येत नाही.

ती म्हणाली, "माळ तुझी आहे. आम्ही होडीतून तुला फोन लावू. तुझ्यासमोर काढू."

तो दिवस ऑगस्टमधला. तिकडे सकाळ, इकडे दुपार. बाहेर ढग दाटून आलेले, पण पडत नव्हतं, आणि नेमकी वीज गेलेली. मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला. भैयांनी बाबांची खुर्ची माझ्याजवळ आणली आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालत मागे उभे राहिले.

पडद्यावर राखाडी पाणी, त्यात बर्फाचे तुकडे, आणि होडीची कड. माळ वर काढायची म्हणजे पाण्यातून आवाजाची एक ठरलेली खूण तळाशी पाठवायची. नांगराजवळचं कुलूप ती ओळखतं आणि उघडतं. नांगर तळाशीच राहतो, माळ सुटून वर येते. आता ते काम एक तरुण इटालियन मुलगी करत होती. गटात नवीन आलेली, माझ्या जागी.

तिनं खूण पाठवली. कुलपानं उत्तर दिलं. ठीक आहे, उघडलं. सगळे पाण्याकडे बघत राहिले. काहीच वर आलं नाही.

"पुन्हा पाठव," प्रमुख म्हणाली.

पुन्हा उत्तर आलं, पुन्हा काही नाही. वर्षभरात कुलपावर शंख-शिंपले चढतात, गाळ बसतो, कडी अडकून राहते. हिमनदीचा मोठा कडा तुटून माळेवर आला असेल तर सगळंच संपलेलं.

"काय?" बाबांनी विचारलं.

"येत नाहीये, बाबा."

मी त्या मुलीला सांगितलं, "दुसरं कुलूप आहे. जोडीला बांधलंय. त्याची खूण वेगळी." तिनं कागद चाळले, तिला सापडेना. मी तोंडपाठ अंक सांगितले. माझा आवाज तिला तुटक ऐकू जात होता, म्हणून एकेक अंक पुन्हा सांगितला. तिनं ती खूण पाठवली. पाणी तसंच. मग होडीच्या पलीकडे, कुणी बघत नव्हतं त्या बाजूला, नारिंगी गोळा पाण्यातून उसळून वर आला. मागोमाग दुसरा.

तिकडे आरडाओरडा झाला. प्रमुखानं कॅमेऱ्याकडे तोंड केलं, हसत होती, काही तरी म्हणत होती, आणि चित्र थिजलं. मग फोन कटला.

मी खोलीच्या मधोमध उभी होते. केव्हा उठले, कळलं नव्हतं.

"आली?" बाबा म्हणाले.

"आली."

त्यांनी डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. एकदा, मग पुन्हा. भैयांनी विचारलं, "मिल गया, दीदी?" मी हो म्हणाले. ते चहा करायला आत गेले.

मी फोनची वाट बघत बसले. आला नाही. होडीवरचे माझ्यावर रागावले नव्हते. माळ होडीत ओढायची असते, दोरी गाळानं जड झालेली असते, उपकरणं धुवायची असतात, मग सगळे मिळून स्वयंपाकघरात गरम काही तरी पितात. मला ते सगळं ठाऊक होतं, म्हणूनच बसवेना. वीज आली, पंखा सुरू झाला. मी बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढून आणले आणि घड्या घालता घालता रडले. बाबांनी पाहिलं.

नोंदी आठवड्यात माझ्याकडे पोचल्या. त्या सर्वांत आधी मी उघडाव्या असं प्रमुखानं गटाला बजावलं होतं. मी हिवाळ्याचा भाग काढला. खारं पाणी शून्याच्या थोडं खाली गोठतं. खाडीतलं पाणी भर अंधाराच्या महिन्यांतही तिथवर उतरलं नव्हतं. मध्येच एकदा गरम पाण्याची लाट आत शिरली होती आणि कित्येक दिवस ठाण मांडून बसली होती. असं काही निघेल अशी आमची अटकळ होती. तरी ती रेघ मी पुन्हा पुन्हा मोठी करून पाहिली. जगात त्या घटकेला हे मला एकटीलाच माहीत होतं, आणि शेजारी बाबा संत्र्याच्या फोडी खात होते.

"बाबा," मी म्हटलं, "ती खाडी गोठलीच नाही."

त्यांनी फोड खाली ठेवली. "मग हिमनदी?"

"झिजणार."

"थांबवता?"

"आम्ही फक्त मोजतो, बाबा."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत माझ्या कामावर इतकं नेमकं कुणी विचारलं नव्हतं.

आमचा शोधनिबंध छापून आला, त्यात पुष्कळ नावांमध्ये माझंही आहे. पुढची माळ इटालियन मुलीनं सोडली. उपकरणांची खोली बदलताना तिनं मला विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. तिनं बरोबर बदलली होती. मी जयपूरजवळच्या एका कॉलेजात थोडे तास शिकवायला लागले. मुलं वाळवंट बघत मोठी झालेली. त्यांना समुद्र कसा गोठतो ते फळ्यावर काढून दाखवायचं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना भैयांनी दार ठोठावलं. "दीदी! जल्दी आइए!" मी घाबरून बाहेर आले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. भैया म्हणाले, "बाबूजी, फिर से बोलिए."

"चाय ठंडी है," बाबा म्हणाले.

भैया हसत सुटले, मी बाबांच्या गळ्यात पडले. पुढच्या महिन्यांत हिंदी थोडं थोडं परत आलं. तुटक, लिंगं चुकलेलं, पण आलं. जुने स्नेही पुन्हा यायला लागले. भैया आणि बाबा मिळून क्रिकेट बघायचे आणि अंपायरला शिव्या द्यायचे. दुपारच्या चहानंतर बाबा आता पडद्याकडे बोट दाखवायचं कधीकधी विसरायचे.

मी प्रमुखाला लिहिलं की आता मला येता येईल. तिचं उत्तर सरळ होतं. ती निवृत्त होत होती, प्रकल्पाचा काळ संपत आला होता, कायमची जागा नव्हती. उन्हाळ्यात काही आठवडे पाहुणी म्हणून ये, ती म्हणाली. मी गेले.

हिमनदी मागे सरली होती. आम्ही एकदा तिच्या कडेला उभं राहून जिथे जेवलो होतो ती जागा आता उघडा, ओला दगड होती. प्रमुखानं मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाकीचं तुम्ही मोजा. मी आता घरी बसून गाजरं लावणार." इटालियन मुलगी माझ्याशी आदरानं वागत होती, पाहुण्यांशी वागतात तसं. सगळे इंग्रजीत बोलत होते आणि मलाही सारं कळत होतं. तरी डोंगरावरून बर्फाचं पाणी खळाळत उतरताना पाहिलं तेव्हा मनात आलेलं पहिलं वाक्य मराठी होतं, आणि ते सांगायला तिथे कुणी नव्हतं.

मी बाबांना फोन लावला. "बाबा, इथे पाण्याचा केवढा आवाज आहे, ऐका."

"हां हां," बाबा म्हणाले, "बढ़िया. मॅच चालू आहे. भैयाशी बोल." आणि त्यांनी फोन भैयांना दिला. भैयांनी सांगितलं, बाबूजी नीट जेवतात, औषध घेतात, काळजी करू नका. मागे प्रेक्षकांचा गलका ऐकू येत होता.

फोन ठेवला. होडीतून त्या मुलीनं हाक मारली, माळेची दोरी धरायला एक माणूस कमी होता. मी मोजे चढवले आणि खाली उतरले. दोरी गार पाण्यानं जड आणि ताठ झाली होती. आम्ही दोघी जेवणाची वेळ होईपर्यंत ती ओढत राहिलो.